दलाल व्हायचे की हुंडेकरी?
कोबेत मालवाहतुकीच्या व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी

मोतोमाची स्टेशनवरून समुद्राच्या दिशेने चालत निघाले की साकाएमाची-दोरी आणि काइगान-दोरी या दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्ये एक अरुंद रस्ता लागतो. आज तेथे कॉफीची आणि कपड्यांची लहान लहान दुकाने आहेत. रस्त्याचे नाव मात्र आहे 'ओत्सुनाका-दोरी'. ओत्सुनाका म्हणजे जहाजी मालाचे दलाल. १९३९ च्या जपानी कायद्याने सागरी दलालांचे दोन वर्ग पाडले होते. पहिला वर्ग अख्खे जहाज भाड्याने मिळवून देणाऱ्यांचा, आणि दुसरा, म्हणजे 'ओत्सु', वेळापत्रकाने धावणाऱ्या जहाजांवर व्यापाऱ्यांचा माल चढवून देणाऱ्यांचा. १९४७ साली तो कायदा गेला, पण नाव राहिले. जहाजाची जागा ठरवणाऱ्या आणि कस्टम्सचे काम करून देणाऱ्या कंपन्यांना या धंद्यात आजही 'ओत्सुनाका' म्हणतात.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्या मंडळींत हा प्रश्न वरचेवर निघतो: 'फ्रेट ब्रोकरचा धंदा सुरू केला तर?' अमेरिकेतला भाऊ किंवा मेहुणा ट्रकच्या दलालीत चांगला स्थिरावलेला असतो. इकडे कोबेत डोळ्यांसमोर बंदर, भारताशी ओळखी, मराठी-हिंदी-इंग्रजी येते, जपानीही बऱ्यापैकी जमू लागलेली. गाडी नको, जहाज नको, गोदाम नको. टेलिफोन, कॉम्प्युटर आणि शब्दाची किंमत एवढे भांडवल पुरेसे आहे, असे वाटते. यातले शेवटचे, शब्दाची किंमत, खरे आहे. बाकीचे तपासून घ्यायला हवे.

दोन शब्द, दोन धंदे

आपल्याकडे बाजारपेठेत दोन वेगळे शब्द होते. दलाल म्हणजे मालवाला आणि गाडीवाला यांची गाठ घालून देणारा. त्याने सौदा जुळवला, दलाली घेतली, की त्याचे काम संपले. हुंडेकरी म्हणजे माल पोहोचवण्याचा मक्ता घेणारा. वाटेतले जकात-नाके, हमाली, गाडी बदलणे, सगळे त्याच्या अंगावर. व्यापारी त्याला एकच आकडा देतो, आणि माल पोहोचला नाही तर त्याच्याच दारात जाऊन बसतो. महाराष्ट्रातल्या मोंढ्यांत हा शब्द अजून ऐकू येतो, आणि आडनावातही तो टिकून आहे.

सगळा प्रश्न या दोन शब्दांत आहे. परवाना लागतो की नाही, व्हिसा कोणता, भांडवल किती, नुकसान झाले तर कोणाचे, या प्रत्येकाचे उत्तर आपण दलाल आहोत की हुंडेकरी यावर बदलते. अडचण अशी की बहुतेक जण दलाल म्हणून सुरुवात करतात, आणि गिऱ्हाईक 'तुम्हीच सगळे बघा हो' म्हणू लागले की नकळत हुंडेकरी होऊन बसतात.

अमेरिकेतला अनुभव येथे का चालत नाही

अमेरिकेत ट्रकच्या मालाचा दलाल हा स्वतंत्र परवान्याचा व्यवसाय आहे. संघ-सरकारच्या मोटार वाहतूक खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि ऑक्टोबर २०१३ पासून ७५,००० डॉलरचा जामीन किंवा तेवढी रक्कम ट्रस्टमध्ये ठेवावी लागते. देश मोठा, सगळीकडे एक भाषा, एक चलन, हजारो लहान ट्रकमालक. त्यामुळे तेथे दलालाला जागा आहे.

जपानमध्येही ट्रकचे दलाल आहेत. त्यांना धंद्याच्या बोलीत 'मिझुया' म्हणतात. पण हे क्षेत्र पूर्णपणे जपानी भाषेतले, जुन्या ओळखींचे आहे, आणि सध्या त्यावर सरकारची नजरही आहे. १ एप्रिल २०२४ पासून ट्रक ड्रायव्हरच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. एका कामावर चार-चार मध्यस्थ बसतात आणि ड्रायव्हरच्या हाती थोडे उरते, ही तक्रार जुनीच होती. एप्रिल २०२५ पासून ठरावीक वजनापुढच्या मालासाठी मूळ ट्रक कंपनीला प्रत्यक्ष माल कोणी वाहिला याची नोंद ठेवावी लागते. थोडक्यात, केवळ मध्ये उभे राहून दलाली घेण्याचे दिवस आकसत आहेत. आपल्यासारख्यांना वाव आहे तो आंतरराष्ट्रीय मालात, त्यातही भारत-जपान मार्गावर.

कोबे-मुंबई: जुना मार्ग

या मार्गाची सुरुवातच भाड्याच्या भांडणातून झाली. जपानी गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा होता, पण जहाजे युरोपियन कंपन्यांची होती आणि भाडे त्या मिळून ठरवत. जमशेटजी टाटांच्या पेढीने आणि जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीने एकत्र येऊन नवा मार्ग काढला. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईला निघाली. जुन्या कंपन्यांनी टनामागे १७ रुपयांचे भाडे थेट दीड रुपयापर्यंत पाडले. तरीही नवा मार्ग टिकला, कारण जपानी सूतगिरण्यांच्या संघाने आपला कापूस याच जहाजांवर चढवण्याचा शब्द दिला होता आणि तो पाळला.

या धंद्याचे मर्म तेव्हाही हेच होते: माल आधी गोळा करावा लागतो. भाडे कोणीही पाडू शकतो. खात्रीचा माल कोणाकडे आहे, यावर धंदा उभा राहतो.

काम नेमके काय असते?

फॉरवर्डरचे काम पाच टप्प्यांत सांगता येईल: भाडे सांगणे, जहाजावर वा विमानात जागा घेणे, कागद तयार करणे, दोन्ही बाजूंचे कस्टम्स पार पाडणे, आणि माल दारात पोहोचवून बिल वसूल करणे. वाचायला सोपे वाटते. प्रत्येक टप्प्यावर एकेक खाच आहे.

भाडे सांगताना वजन आणि आकार दोन्ही पाहावे लागतात. विमानाच्या मालात ६,००० घन सेंटीमीटर म्हणजे एक किलो धरतात. समजा, एक खोके ८० × ६० × ५० सेंटीमीटरचे आणि ३० किलोचे आहे. त्याचे घनफळ २,४०,००० घन सेंटीमीटर, म्हणजे हिशेबाचे वजन ४० किलो. भाडे ४० किलोचे लागणार. नवीन माणूस ३० किलोचा दर सांगून बसतो आणि दहा किलोचे भाडे खिशातून भरतो. जहाजाच्या सुट्या मालात एक घनमीटर किंवा एक टन, यातले जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते.

कागदांची वेळही तितकीच महत्त्वाची. मार्च २०१४ पासून जपानला येणाऱ्या कंटेनरमधल्या मालाची माहिती, जहाज निघण्याच्या बंदरातून सुटण्याच्या २४ तास आधी जपानी कस्टम्सला द्यावी लागते. न्हावा शेव्याहून जहाज रविवारी सुटणार असेल तर शनिवारी कागद जुळवत बसून चालत नाही. भारत-जपान आर्थिक भागीदारी करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. त्याखाली कित्येक वस्तूंवर आयातशुल्क कमी किंवा शून्य आहे, पण मालाच्या मूळ देशाचा दाखला बिनचूक असेल तरच. एका आकड्याच्या चुकीने ही सवलत हातची जाते, आणि गिऱ्हाईक ते शुल्क आपल्याकडे मागते.

हापूसचे उदाहरण घ्या. जपानने २००६ साली हापूस, केसर अशा काही भारतीय आंब्यांवरची बंदी उठवली. अट अशी की फळमाशीचा नायनाट करण्यासाठी फळांवर गरम वाफेची प्रक्रिया व्हावी, तीही जपानी तपासनिसाच्या देखरेखीखाली. त्याच वर्षी २९ मेपासून खाद्यपदार्थांतल्या कीटकनाशकांच्या अंशाचा नवा नियम आला. ज्या औषधाची मर्यादा वेगळी ठरलेली नाही, तेथे ०.०१ पीपीएम. म्हणजे पेटी कोबेला येईपर्यंत वाफेचा दाखला, वनस्पती-तपासणी, अन्न-तपासणी, कस्टम्स असे चार दरवाजे, आणि मालाचे आयुष्य मोजून काही दिवसांचे. हे सगळे ज्याला पाठ आहे त्याला गिऱ्हाईक शोधत येते.

कायद्याच्या तीन पायऱ्या

जपानी कायद्यात हे काम तीन ठिकाणी विभागलेले आहे.

पहिली पायरी, 'तोरित्सुगी', म्हणजे गिऱ्हाइकाच्या हिशेबावर वाहतूक ठरवून देणे. हा आपला दलाल. एप्रिल २००३ मध्ये कायदा बदलल्यापासून एवढ्या कामाला वाहतूक खात्याची नोंदणी लागत नाही.

दुसरी पायरी, 'कामोत्सु रियो उन्सो', म्हणजे दुसऱ्याची जहाजे, विमाने वा ट्रक वापरून आपण स्वतः वाहतुकीची जबाबदारी घेणे. हा हुंडेकरी. यात दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराला नोंदणी लागते. दुसऱ्यात जहाज, विमान वा रेल्वेच्या जोडीला ट्रकने दारातून उचलून दारात पोहोचवणे येते. त्याला परवानगी लागते. दोन्हींत किमान ३० लाख येनची निव्वळ मालमत्ता दाखवावी लागते. सरकारी कर पहिल्यासाठी ९०,००० येन आणि दुसऱ्यासाठी १,२०,००० येन.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट येथेच आहे. आंतरराष्ट्रीय मालाच्या बाबतीत ज्याचे नागरिकत्व जपानी नाही त्याला नेहमीच्या दाराने जाता येत नाही. कंपनी जपानमध्ये नोंदलेली असली तरी तिचा प्रमुख परदेशी असेल, किंवा संचालकांपैकी वा मताधिकारापैकी एक तृतीयांश वा अधिक वाटा परदेशी लोकांकडे असेल, तर ती कंपनीही परदेशीच धरली जाते. अशांसाठी कायद्यात वेगळे प्रकरण आहे आणि अर्ज मंत्र्यांच्या नावे जातो. देशांतर्गत विमानाच्या मालाचा धंदा तर परदेशी माणसाला खुलाच नाही. तेव्हा जपानी मित्राबरोबर भागीदारी करणाऱ्यांनी भांडवलाची वाटणी करण्यापूर्वी हा एक तृतीयांशाचा नियम डोळ्यांसमोर ठेवावा. नंतर वाटणी बदलणे मैत्रीला महागात पडते.

तिसरी पायरी कस्टम्सची. दुसऱ्याच्या वतीने कस्टम्सचे घोषणापत्र भरणे हा स्वतंत्र परवान्याचा धंदा आहे. परवाना नसताना 'ओळखीच्याला मदत' म्हणून पैसे घेऊन हे काम करू नये. परवानाधारक कंपनीत 'त्सूकान्शी' हा परीक्षा उत्तीर्ण झालेला तज्ज्ञ असतो. या परीक्षेबद्दल पुढे लिहिले आहे.

भारतातली बाजूही माहीत असावी. तेथे जुन्या 'सी.एच.ए.'चे नाव २०१३ च्या नियमांपासून 'कस्टम्स ब्रोकर' झाले आणि सध्या २०१८ चे नियम लागू आहेत. म्हणजे मुंबईतला आपला जोडीदारही परवानाधारक हवा. तो कितीही जवळचा नातेवाईक असला तरी परवान्याचा नंबर मागायला लाजू नये.

व्हिसाची बाजू

धंद्याचा परवाना आणि राहण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यातले बरेच जण येथेच घसरतात.

ज्यांच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना आहे, किंवा जे जपानी वा कायम वास्तव्यधारकाचे पती-पत्नी म्हणून राहतात, त्यांच्यावर कामाचे बंधन नाही. त्यांनी थेट पुढचा भाग वाचावा.

नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना फॉरवर्डिंग कंपनीत परदेशी व्यवहार, भाषांतर, विक्री अशा कामांसाठी 'इंजिनिअर-मानवविद्या-आंतरराष्ट्रीय सेवा' या वर्गात नोकरी करता येते. पण त्याच व्हिसावर स्वतःची कंपनी चालवता येत नाही.

कंपनी चालवण्यासाठी 'बिझनेस मॅनेजर' व्हिसा लागतो. १६ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच्या अटी फार कडक झाल्या. पूर्वी ५० लाख येन भांडवलावर भागत असे, आता ३ कोटी येन लागतात. शिवाय किमान एक पूर्णवेळ कर्मचारी, आणि तो जपानी, कायम वास्तव्यधारक वा तत्सम असावा. अर्जदाराला वा त्या कर्मचाऱ्याला वरच्या दर्जाची जपानी यावी. अर्जदाराकडे तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव किंवा संबंधित विषयातली मास्टर्स वा त्यावरची पदवी असावी. जुन्या पुस्तिका किंवा मित्राचा २०२० सालचा अनुभव प्रमाण मानून कोणी घरचे पैसे गुंतवू नयेत.

'आश्रित' व्हिसावरच्या भगिनींना परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. फॉरवर्डरच्या कार्यालयातले कागदपत्रांचे काम यासाठी उत्तम आहे. इंग्रजी इन्व्हॉइस वाचणारा आणि मुंबईला फोन करून नीट बोलणारा माणूस त्यांना हवाच असतो. मात्र पगार नाही, केवळ मिळवलेल्या कामावर दलाली, असे ठरत असेल तर थांबावे. ज्या कामाचे तास मोजता येत नाहीत त्याला ही सर्वसाधारण परवानगी पुरत नाही. वेगळी परवानगी मागावी लागते. पत्नीच्या नावे धंदा आणि प्रत्यक्षात काम पतीचे, हा मार्ग तर मुळीच धरू नये. वर्षानुवर्षे जपलेले कायम वास्तव्याचे स्वप्न त्यापायी जाऊ शकते.

पैशाचे गणित

जहाज कंपनी किंवा विमान कंपनी नवख्याला उधार देत नाही. भाडे भरल्याशिवाय कागद हातात येत नाहीत. उलट जपानी गिऱ्हाईक 'महिनाअखेर हिशेब, पुढच्या महिनाअखेर पैसे' या रिवाजाने चालते. या दोन तारखांच्या मध्ये आपले भांडवल अडकते.

समजा, महिन्याला दहा खेपा मिळाल्या. प्रत्येकीला जहाज कंपनीला ३,००,००० येन दिले आणि गिऱ्हाइकाला ३,३०,००० येनचे बिल केले. महिन्याचा नफा ३,००,००० येन. एप्रिलच्या खेपांचे पैसे मेअखेर येणार. तोपर्यंत एप्रिलचे ३० लाख आणि मेचे ३० लाख, असे ६० लाख येन आपण बाहेर घातलेले असतात. जागेचे भाडे आणि घरखर्च वेगळा. धंदा वाढला की ही रक्कमही वाढते. म्हणून कामे भरपूर असतानाच लहान फॉरवर्डर अडचणीत येतात.

आता त्या दहांतल्या एका गिऱ्हाइकाने पैसे बुडवले असे धरा. उरलेल्या नऊंचा नफा २,७०,००० येन आणि खड्डा ३,००,००० येनचा. महिनाभर राबून हाती उणे ३०,०००. दलालाला हा धोका नाही, कारण भाडे गिऱ्हाईक थेट भरते आणि दलालाची फक्त दलाली बुडते. हुंडेकऱ्याचे मात्र सगळेच बुडते.

दुसरा सापळा आयातीच्या कराचा. वीस लाख येनच्या मालावर शुल्क शून्य असले तरी दहा टक्के उपभोग कर दोन लाख येन होतो (खाद्यपदार्थांवर आठ टक्के). गिऱ्हाईक गोड बोलून 'तुम्ही भरा, बिलात लावा' म्हणते. नवख्या माणसाने हे करू नये. आयातदाराच्या खात्यातून कर थेट वळता करण्याची सोय जपानच्या कस्टम्स संगणक-व्यवस्थेत आहे. तिचा उपयोग करायला सांगावे.

जबाबदारी आणि विमा

आपल्या नावाचे बिल ऑफ लेडिंग काढले की आपण कायद्याने वाहतूकदार झालो. जहाजावर आपला माणूस नसेल, कंटेनरला आपला हातही लागला नसेल, तरी माल भिजला तर पहिले पत्र आपल्याला येते.

भरपाईला मर्यादा आहेत. जहाजाच्या मालाला नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यातले जे जास्त असेल ते. विमानाच्या मालाला मॉन्ट्रिअल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे चलन; २०२५ मध्ये एक एसडीआर साधारण २०० येनच्या घरात होता. कोबे मोत्यांचे शहर आहे आणि कितानो भागातले कित्येक भारतीय व्यापारी याच धंद्यात आहेत, म्हणून मोत्यांचेच उदाहरण घेऊ. दोन किलोच्या पाकिटात ५० लाख येनचे मोती असले आणि ते विमानप्रवासात हरवले, तर जादा किंमत आधी जाहीर केलेली नसल्यास भरपाई ५२ एसडीआर, म्हणजे दहा हजार येनच्या आसपास. वाहतूकदाराची जबाबदारी म्हणजे विमा नव्हे, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत लेखी कळवावे आणि मालाचा विमा स्वतंत्र काढायला सांगावे. आपल्या जबाबदारीचा विमा आपण वेगळा काढावा.

एका चुकीला मात्र मर्यादेचा आडोसा मिळेल असे धरून चालू नये. मूळ बिल ऑफ लेडिंग हाती न घेता माल सोडून दिला आणि विकणाऱ्याला पैसे मिळाले नाहीत, तर मालाची पूर्ण किंमत आपल्या अंगावर येऊ शकते. 'कागद उद्या येतोय, जुने गिऱ्हाईक आहे, सोडा' या एका वाक्याने लहान कंपनी बसू शकते. अशा वेळी ओळख बाजूला ठेवून नाही म्हणता आले पाहिजे.

आणि एका बंदरावर, एका गिऱ्हाइकावर सगळा भार ठेवू नये. १९९४ साली कोबे जगातले सहाव्या क्रमांकाचे कंटेनर बंदर होते. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपाने ते एका पहाटेत बंद पडले. माल ओसाका, बुसान अशा बंदरांकडे वळला. धक्के दोन वर्षांत उभे राहिले, पण १९९४ चा कंटेनरांचा आकडा पुन्हा ओलांडायला २०१७ साल उजाडले. तोपर्यंत पुढे निघून गेलेल्या बंदरांमुळे जुना क्रमांक परत आला नाही. गेलेला माल सहजी परत येत नाही.

तब्येत, आरोग्यविमा आणि पेन्शन

जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. मुंबईचे कार्यालय सकाळी दहाला उघडते तेव्हा कोबेत दुपारचे दीड वाजलेले असतात, आणि तेथे संध्याकाळी सात वाजता 'आत्ताच कागद आला' असा फोन येतो तेव्हा येथे रात्रीचे साडेदहा. सकाळी नऊला कोबे कस्टम्स आणि रात्री मुंबई, असा दिवस दोन्ही टोकांनी जळतो. जेवण उशिरा, झोप कमी, बसून काम. रात्री नऊनंतरचे फोन आठवड्यातून दोनच दिवस घ्यायचे, असा नियम पहिल्या दिवसापासून घालून घ्यावा. गिऱ्हाईक त्याची सवय करून घेते.

नोकरी सोडताना पगाराबरोबर आणखी काय सुटते, याचाही हिशेब मांडावा. नोकरदाराच्या आरोग्यविम्यात आजारपणामुळे काम बंद पडले तर पगाराच्या साधारण दोन तृतीयांश भत्ता कमाल दीड वर्षापर्यंत मिळतो. स्वतंत्र व्यावसायिकाच्या 'कोकुमिन केंको होकेन'मध्ये नेहमीच्या आजारपणात असा आधार नसतो. बेकारी विमाही नसतो. पेन्शन फक्त राष्ट्रीय, तिचा हप्ता २०२५-२६ या वर्षी महिना १७,५१० येन, पती आणि पत्नी दोघांना वेगवेगळा. कंपनी काढली तर मात्र एकट्याची असली तरी 'शाकाई होकेन' लागू होते आणि मालकाचा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो.

नोकरीत वार्षिक आरोग्य-तपासणी मालक करून देतो. राष्ट्रीय आरोग्यविम्यात ४० ते ७४ वयाच्या सभासदांना नगरपालिकेकडून तपासणीचे पत्र येते. ते टेबलाच्या खणात पडू देऊ नये.

ज्यांचा भारतात परतण्याचा विचार आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट: भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. पेन्शनची पात्रता ठरवताना दोन्ही देशांतली वर्षे एकत्र धरता येतात. पण जपान सोडताना एकरकमी पैसे काढून घेतले की तेवढी वर्षे हिशेबातून जातात.

मग सुरुवात कोठून करावी?

वरचे वाचून कोणी निराश होऊ नये. रस्ता आहे, फक्त तो जिन्याचा आहे, लिफ्टचा नाही.

१. पहिली तीन ते पाच वर्षे नोकरी. मोठ्या कंपनीपेक्षा मध्यम आकाराच्या ओत्सुनाकात एकाच माणसाला भाडे, कागद, कस्टम्स आणि गोदाम असे सगळे पाहायला मिळते. साकाएमाची, काइगान-दोरी, सान्नोमिया येथे कार्यालये आणि पोर्ट आयलंड, रोक्को आयलंडवर गोदामे आहेत. बोलण्याबरोबर वाचता-लिहिता येणारी जपानी यायला हवी.

२. त्सूकान्शीची परीक्षा. वय, शिक्षण वा नागरिकत्व यांची अट नाही. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी परीक्षा होते. अर्ज जुलै-ऑगस्टच्या सुमारास. विषय तीन: कस्टम्स-व्यवसायाचा कायदा, शुल्काचे कायदे, आणि प्रत्यक्ष घोषणापत्र भरणे. सगळे जपानीतून. अलीकडच्या वर्षांत शंभरात दहा ते पंचवीस जण उत्तीर्ण झाले आहेत. नुसते उत्तीर्ण होऊन पदनाम मिळत नाही. परवानाधारक कंपनीमार्फत कस्टम्सची मान्यता घ्यावी लागते. पण परदेशी नाव आणि हे प्रमाणपत्र एकत्र असले की मुलाखतीत बाकी फारसे सांगावे लागत नाही.

३. एक मार्ग, एक माल. सगळ्या जगाचा फॉरवर्डर होण्यापेक्षा भारतातून येणारे मसाले-डाळी, किंवा पुण्या-चाकणकडचे यंत्रांचे भाग, असे एकच क्षेत्र धरावे आणि त्यातला प्रत्येक नियम पाठ करावा.

४. आधी दलाल. व्हिसा परवानगी देत असेल तर पहिले पाऊल तोरित्सुगीचे. बिल ऑफ लेडिंग दुसऱ्या नोंदणीकृत फॉरवर्डरचे, भाडे गिऱ्हाईक त्यालाच देणार, आपण दलाली घेणार. करारात हे स्पष्ट लिहून घ्यावे.

५. हुंडेकरी शेवटी. वास्तव्याचा प्रश्न सुटलेला, ठरलेली दहा-बारा गिऱ्हाइके, दोन महिन्यांच्या भाड्याइतके खेळते भांडवल आणि घरखर्चाची वर्षभराची वेगळी शिल्लक, एवढे जमल्यावर.

निर्णय घेण्यापूर्वी पती-पत्नीने एका संध्याकाळी बसून पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत:

• आपला व्हिसा आज नेमके कोणते काम करू देतो?
• साठ दिवस एकही येन आला नाही तर घर चालेल का?
• सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर कोणती ठेव मोडावी लागेल? ती मुलांच्या शिक्षणाची आहे का?
• माल हरवल्याचे पत्र आले तर ते कोणाच्या नावे येईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'आपल्या' असे असेल तर आपण हुंडेकरी आहोत, मग व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेले असो. त्या जबाबदारीची तयारी झाली असेल तर अवश्य पुढे जावे.

(व्हिसा, नोंदणी आणि विम्याचे नियम बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी इमिग्रेशन कार्यालय, विभागीय वाहतूक कार्यालय आणि कस्टम्सचा सल्ला-कक्ष येथे स्वतः चौकशी करावी; गरज पडल्यास परवानाधारक 'ग्योसेई शोशी'चा, म्हणजे सरकारी अर्ज तयार करून देणाऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.)